मधल्या नावाचा रिकामा खण

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुचला तो एका काउंटरवर.

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात येऊन दीड वर्ष झालं होतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा लग्न करणार आहे, आणि त्याआधी कागदोपत्री माझं जुनं नाव परत घ्यायचं ठरवलं होतं. फॉर्ममध्ये खण तीन: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. काउंटरवरच्या गृहस्थांनी कागद चाळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, पुढं लग्न करणारच असाल तर एकदमच बदला ना. दोनदा कशाला त्रास?"

मी हसून वेळ मारून नेली. पण रिक्षात बसल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हणजे दोन नवऱ्यांच्या मधल्या काळात बाईनं पहिल्याच नवऱ्याचं नाव वापरत राहायचं? आणि आपल्याकडे तर नुसतं आडनाव नसतं, मधे त्या माणसाचं स्वतःचं नाव असतं. सही करताना दर वेळी ते लिहायचं.

मग मी नेहमीचं काम केलं. मागे गेले.

जुनी मराठी कागदपत्रं, खरेदीखतं, तक्रारअर्ज पाहिले, तर त्यांत माणसाची ओळख सांगायची एक ठरलेली पद्धत दिसते. पुरुष असेल तर 'रामजी बिन कृष्णाजी', म्हणजे कृष्णाजीचा मुलगा रामजी. बाई असेल तर 'गंगाबाई कोम रामजी', म्हणजे रामजीची बायको गंगाबाई. कुठे 'कोम'ऐवजी 'मर्द' किंवा 'भ्रतार' असतं. पुरुषाचा 'बिन' जन्मभर तोच. बाईचा 'कोम' मात्र लग्नावर अवलंबून. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इथे नवऱ्याचं नाव ही ओळख आहे, पत्ता आहे. पत्ता बदलला तर बदलला.

आणि तो बदलायचा बरं का! घटस्फोट ही आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, हे शब्द काही कोर्टात जन्मले नाहीत. अनेक जातींत पंचांसमोर लग्न मोडायचं आणि बाईचा दुसरा संसार उभा राहायचा, त्याला पाट म्हणायचे, कुठे मोहतूर. मराठेशाहीत तर त्यावर 'पाटदाम' नावाची पट्टी होती. सरकार ज्या गोष्टीवर कर बसवतं ती गोष्ट अपवादानं घडत नसते, एवढं तरी आपल्याला कळतं. अर्थात ब्राह्मण आणि त्यांच्यासारखी रीत पाळणाऱ्या घरांत हा रस्ता बंद होता. पाट लावलेल्या बाईकडे बघायची नजरही सगळीकडे सारखी नव्हती. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाहीये.

पण पुढे काय झालं ते बघा. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलं की नवऱ्याची संमती नसताना लग्न मोडल्याचं जाहीर करून बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा अधिकार जातीच्या पंचांना नाही. पंचांच्या भरवशावर दुसरं लग्न केलेली बाई आता फौजदारी गुन्ह्यात अडकू शकत होती. जुनं दार अर्धं लोटलं गेलं, आणि नवं दार अजून बांधलंच नव्हतं.

त्या दोन दारांच्या मधे उभी राहिलेली बाई आपल्याला माहीत आहे. रखमाबाई. वय अकरा असताना लग्न झालं, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये सांगितलं गेलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली.

मी हा खटला अनेकदा वाचला होता, पण त्याच्या नावाकडे आत्ता लक्ष गेलं. 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'. तो वडिलांच्या नावासकट, ही नुसती रखमाबाई. वर्तमानपत्रात लिहिलं तेव्हा तर 'एक हिंदू स्त्री' एवढंच. पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, तरी त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी नुसतं रखमाबाई असंच भेटतं. आपण आज 'रखमाबाई राऊत' म्हणतो, पण राऊत हे त्यांच्या सावत्र वडिलांचं, डॉ. सखाराम अर्जुन यांचं आडनाव. वडील वेगळे, नवरा वेगळा, आडनाव तिसऱ्याच माणसाचं. रिकामा खण आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण तो नंतर भरून टाकला.

कायदा यायला वेळ लागला. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या काळात १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा, ज्यानं रूढीनं चालत आलेली काडीमोडही मान्य ठेवली. त्यात एक अट होती: घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर एक वर्ष उलटल्याशिवाय पुन्हा लग्न करायचं नाही. ती १९७६ मध्ये काढली. आता अपिलाची मुदत संपली, किंवा अपील निकालात निघालं, की मोकळं. म्हणजे 'मधला काळ' कायद्यानं मोजला. पण त्या काळात बाईनं कोणतं नाव लावायचं, याबद्दल चकार शब्द नाही.

कारण गंमत अशी आहे मंडळी, की लग्नानंतर बाईनं नाव बदलावं असं सांगणारा कायदाच नाही. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव ही रीत. पण शाळा, पेन्शन, बँक, रेशनकार्ड आलं, आणि तांदळातली अक्षरं शाईची झाली. जो पूर्वी पत्ता होता, तो नावाचाच भाग होऊन बसला.

मग वाद कोर्टात आले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं घटस्फोटित पत्नीला माजी पतीचं नाव-आडनाव वापरायला केलेली मनाई कायम ठेवली. त्यानंतर काही काळातच कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत, बाईला माहेरच्या नावानं अर्ज करता येईल अशी दुरुस्ती झाली. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले, घटस्फोटितांना जोडीदाराचं नाव किंवा हुकूमनामा द्यायची गरज उरली नाही. आणि मग २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका आली. केंद्राच्या राजपत्रात माहेरचं आडनाव परत घ्यायचं तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, या अटीला तिनं आव्हान दिलं होतं.

ना-हरकत पत्र! नाव घेताना कुणी विचारलं नव्हतं, परत करताना सही हवी. १८७६ ची 'नवऱ्याची संमती' आठवली की नाही?

माझं सांगते. मी थांबले नाही. महाराष्ट्राच्या राजपत्रात छापून आलं, जुनं नाव, नवं नाव, दोन ओळींत. मुलाच्या शाळेत आईचं नाव वेगळं दिसतं म्हणून त्याची प्रत सतत पर्समध्ये असते. मधल्या खणात वडिलांचं नाव आहे. तेही एका पुरुषाचंच, हे मला कळतं. पण ते माझ्याबरोबर आलं होतं, कुणी ताटात लिहून दिलं नव्हतं.

आणि पुढच्या वर्षी? लग्न होईल, नाव हेच राहील. मला दोनदा त्रास नकोच होता. ते काका बरोबर बोलले, फक्त कोणती वेळ शेवटची ते मी ठरवलं.

तुमच्या घरी आजी-पणजीचं नाव असलेलं जुनं खरेदीखत असेल तर काढून बघा, तिच्या नावापुढे काय लिहिलंय. आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.