परतूर येथील एक ध्वनिफीत

जुनें बाड डोळ्यांनीं वाचतां येतें; ध्वनिफितीची लिपि मात्र यंत्रच वाचतें, आणि यंत्र बिघडलेलें असेल तर पाठभ्रंश ठरलेलाच. हा अनुभव आम्हांस घरींच आला. आमच्या मातोश्रींनीं परतूर येथें म्हटलेल्या जात्यावरील ओव्यांचें एक रीळ आम्हांपाशीं आहे. वेष्टणावर साल नाहीं, 'परतूर, जि. परभणी' एवढेंच आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. सबब रीळ बहुधा तत्पूर्वींचें. तें उजेडासमोर धरिलें असतां प्रकाश आरपार दिसतो, म्हणजे पट ॲसिटेटचा. तसा पट १९७० च्या सुमारास मागें पडला.

उतावळेपणानें आम्हीं तें न तपासलेल्या यंत्रावर चढविलें. स्वर डळमळूं लागला, आणि फीत फिरत्या दांड्याभोंवतीं गुंडाळून तुटली. चूक सर्वस्वीं आमची. फीत दाबून पुढें नेणारें रबरी चाक जुनें होऊन चिकट झालें होतें, तें बदलिलें. 'हेड' म्हणतात त्या भागावर जुन्या फितींची तपकिरी भुकटी सांचली होती; अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें ती पुसल्यावर आवाजाचा मळ गेला. तरी स्वर एका सप्तकानें चढा! रीळ सेकंदास ३¾ इंच वेगाचें, यंत्र ७½ वर. खटका फिरवितांच मातोश्री ऐकूं आल्या.

तुटलीं टोंकें जोडतां आलीं. चुरगळलेल्या भागांतील एका ओवीचा पूर्वार्ध मात्र गेला. गांवांतील वृद्ध स्त्रिया तो दोन निरनिराळ्या प्रकारें सांगतात. त्यांपैकीं कोणताही पाठ न स्वीकारतां प्रतींत आम्हीं ती जागा कोरी ठेविली आहे.