नगरधन

नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यातील खेडे. नागपूरच्या ईशान्येस सुमारे ३८ किमी., रामटेकच्या दक्षिणेस. गावाभोवती धानाच्या बांध्या आहेत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रामटेकचा गड पाहून परत फिरणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून इथे यायलाच हवे.

गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पतीच्या अकाली निधनानंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने तिने चौथ्या शतकाच्या अखेरीपासून राज्यकारभार पाहिला. पुण्यात उजेडात आलेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहूनच दिलेला आहे, आणि त्यात तिने वंशावळ दिली आहे ती सासरची नव्हे, माहेरची.

डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी २०१५ ते २०१८ या काळात येथे उत्खनन केले. तेव्हा मातीची एक अंडाकृती मुद्रा सापडली. वजन ६.४० ग्रॅम, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास; तळहातावर ठेवली तर जाणवणारही नाही. तिच्यावर ब्राह्मी लिपीत राणीचे नाव आणि शंखाची आकृती आहे. शंख हे वैष्णव चिन्ह. प्रभावतीगुप्तेच्या विष्णुभक्तीची साक्ष तिच्या ताम्रपटांतूनही मिळतेच. पण तिच्या कारभारात प्रत्यक्ष वापरलेली वस्तू तिच्याच राजधानीत मिळावी, याचे मोल फार मोठे आहे. मण्यांबरोबर, खापरांबरोबर भाजल्या मातीची, अलंकार नसलेली साधी गणेशमूर्तीही मिळाली.

आज दिसणारा किल्ला बराच नंतरचा, भोसलेकालीन मानला जातो. तटबंदी आणि दरवाजे दुरुस्त केलेले आहेत. आत विहिरीसारख्या बांधकामात पायऱ्या उतरून गेले की जमिनीखाली देवीचे देऊळ लागते. बाहेर रणरणते ऊन असताना खालचा गारवा पटकन जाणवतो.

मात्र किल्ला म्हणजे नगरधन नव्हे. जुनी राजधानी आजच्या घरांखाली आणि शेतांखाली पसरलेली असल्याने सारे काही खणून पाहणे शक्य नाही. म्हणून गावातून पायी हिंडावे, खापर दिसले तर उचलू नये. जागेवरून हलले की त्याची साक्ष संपते.

नागपूर–जबलपूर महामार्गाने मनसर, तेथून रामटेकमार्गे नगरधनला जाता येते. मनसरचे वाकाटककालीन अवशेष आणि रामटेकच्या गडावरील नरसिंह मंदिरे त्याच दिवसात पाहून होतात. पावसाळ्याच्या अखेरीस, धान उभे असताना जाणे उत्तम. उन्हाळ्यात सकाळीच जावे.