नदीची बाटलीतील परीक्षा

नदी मलिन झाली हे नाकाला तत्काळ कळते. शासनाला मात्र आकडा लागतो. तो आकडा काढण्याची रीत इंग्लंडात रुळली. सांडपाण्याच्या प्रश्नासाठी १८९८ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात एक कसोटी सांगितली: पाणी पाच दिवस बंद बाटलीत ठेवावे आणि घाण पचविताना त्यातील जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजावे. पाचच दिवस का? तिकडील नद्या तेवढ्यात समुद्र गाठतात, असे कारण सांगतात. आपल्या गोदावरीला हा हिशेब कसा लागू पडावा! उष्ण हवेमुळे भारतात ही परीक्षा २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत उरकतात.

श्रोतेहो, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने स्थापन झालेले केंद्रीय मंडळ नद्यांची यादी याच कसोटीवर करते. लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्ची पडला, की नदीचा तो पट्टा यादीत येतो. ३० च्या वर गेला तर पहिल्या वर्गात. आमच्या शाळेतल्याप्रमाणे येथे पहिला वर्ग भूषणाचा नव्हे, तो सर्वांत वाईट! मुंबईची मिठी आणि हैदराबादची मुसी २०१८ साली त्याच वर्गात होत्या. त्या वर्षी देशात असे एकूण ३५१ पट्टे होते. २०२२ च्या यादीत ३११ राहिले. घट सुखद खरी. परंतु पहिल्या वर्गातील पट्टे ४५ चे ४६ झाले.

शिवाय या बाटलीला सडणारी घाण तेवढी दिसते. कारखान्यातून आलेला पारा प्राणवायू खात नाही. उलट जंतूंनाच मारून तो आकडा कमी दाखवू शकतो.