‘पोल’ या शब्दाची कुळकथा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा साखर कारखान्यांच्या परिसरात उताऱ्याची, म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघाली याची, चर्चा सुरू होते, आणि त्या उताऱ्याच्या मुळाशी प्रयोगशाळेच्या वहीतले दोन आकडे असतात: ब्रिक्स आणि पोल. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचे वजनी शेकडा प्रमाण. ॲडॉल्फ ब्रिक्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या आडनावावरून हे नाव पडले, एवढ्यात त्याची हकीकत संपते. ‘पोल’चे तसे नाही. पोकळपणा या अर्थाच्या मराठी ‘पोल’शी या शब्दाचा काहीही संबंध नसून, प्रकाश म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर युरोपात झालेल्या दीर्घ वादातून तो जन्मला आहे.

1876–77 च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा बांधला गेला, 1885 च्या सुमारास कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू मुलखात खेळू लागले आणि उसाला बारमाही आधार मिळाला. तेव्हा उसाचा गूळ होई, आणि गुऱ्हाळात काहिलीतला पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून, गोळी कशी बनते ते बोटांनी चाचपून ठरवी. त्याच्या हाताला आकड्याची गरज नव्हती. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला आणि पुढे सहकारी कारखाने आले, तेव्हा हजारो शेतांचा ऊस एकाच गव्हाणीत पडू लागला. त्यातली साखर किती, रसात किती उतरली आणि चिपाडात व मळीत किती वाया गेली, याचा हिशेब बोटांच्या अंदाजाने होण्यासारखा राहिला नाही. साखरधंद्याने युरोपात घडवलेले मोजमाप आणि त्याबरोबर ‘पोल’ हा शब्द अशा रीतीने कालव्याकाठच्या बोलीत आला.

त्या शब्दाचे मूळ मात्र प्रकाशाच्या अभ्यासात आहे. 1669 मध्ये डेन्मार्कच्या एरास्मस बार्थोलिन यांनी आइसलँडमधील एका पारदर्शक स्फटिकातून पाहिले असता प्रत्येक वस्तू दुहेरी दिसते, अशी नोंद केली. 1808 मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालुस हे लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरून परावर्तित होणारा मावळतीचा प्रकाश अशाच स्फटिकातून पाहत असताना, स्फटिक फिरवला की दोन प्रतिमांपैकी एक मंदावते आणि दुसरी उजळते, असे त्यांना आढळले. न्यूटनप्रमाणे मालुस प्रकाशाला कणांचा झोत मानत. त्यामुळे लोहचुंबकाला जसे ध्रुव असतात तसे या कणांनाही असावेत आणि परावर्तनाने ते एका दिशेने रांगेत लागत असावेत, अशी कल्पना करून त्यांनी 1811 मध्ये या गुणधर्माला ‘पोलरायझेशन’ हे नाव दिले. मराठी परिभाषेत त्याचेच ‘ध्रुवण’ झाले आणि कारखान्यात त्याचा पहिला तुकडा तेवढा उरला, तो ‘पोल’.

नाव टिकले, पण ज्या कल्पनेवरून ते पडले ती टिकली नाही; कणाच्या जागी तरंग आला. मोटेचा नाडा एका टोकाला खुंटाला बांधून दुसरे टोक हाताने हलवले, तर लाट खुंटाकडे धावते, पण नाडा स्वतः लाटेच्या वाटेला काटकोनात वरखाली किंवा डावीउजवीकडे हलतो. अशा तरंगाला अवतरंग म्हणतात. ध्वनीमध्ये मात्र हवेचे कण लाटेच्याच दिशेने मागेपुढे होतात, म्हणून तो अनुतरंग. नाडा कुंपणाच्या दोन उभ्या खांबांमधल्या फटीतून नेला, तर उभी लाट पलीकडे जाते आणि आडवी अडते. अनुतरंगाला अशी फट अडवू शकत नाही. स्फटिकाने प्रकाश अडतो, याचा अर्थ प्रकाश हा अवतरंग आहे, हे ओगुस्तें फ्रेनेल यांनी 1821 मध्ये मांडले. पुढे 1865 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी प्रकाश हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा तरंग असल्याचे गणिताने दाखवले, आणि कालांतराने रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंतचा सारा वर्णपट एकाच कुळातला ठरला. त्यांच्यात फरक आहे तो तरंगलांबीचा. ध्रुवण म्हणजे या तरंगाच्या कंपनाचे एका प्रतलात बांधले जाणे.

साखरेचा या कथेत प्रवेश झाला तो झां-बातिस्त ब्यो यांच्यामुळे. फ्रांस्वा आरागो यांनी 1811 मध्ये गारेचा स्फटिक ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळवतो हे पाहिले होते. 1815 मध्ये ब्यो यांना टर्पेंटाइन आणि साखरेचे द्रावण यांसारखे द्रवही तेच करतात असे आढळले, आणि नळी जितकी लांब व द्रावण जितके दाट, तितके प्रतल अधिक वळते, हा नियम त्यांनी बांधला. साखरेच्या रेणूला, उजव्या आणि डाव्या पायाच्या चपलेप्रमाणे, एक ठरलेली बाजू असते. म्हणून तो कंपनाचे प्रतल नेहमी उजवीकडेच वळवतो. तो काळ युरोपात बीटच्या साखरेचा धंदा वाढण्याचा होता, आणि साखरेवरील कर व व्यापार यांसाठी चटकन होणारे मोजमाप हवे होते. 1840 च्या दशकात जर्मनीत व्हेंट्स्के यांनी साखरमापनाची श्रेणी आणि फ्रान्समध्ये सोलेई यांनी त्यासाठीचे उपकरण तयार केले. 1897 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पुढे ही पद्धत एकसारखी केली: 26 ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून 20 अंश सेल्सिअसला 100 मिलिलिटर द्रावण केले आणि ते 200 मिलिमीटर लांबीच्या नळीतून पाहिले, तर उपकरणाने 100 हा आकडा दाखवावा.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट रोज घडते. रसाच्या नमुन्यात शिशाच्या क्षाराची चिमूटभर पूड टाकून ढवळतात, तेव्हा रंगद्रव्ये आणि गदळ गुठळ्या होऊन खाली बसतात; गाळणकागदातून उतरणारे पहिले थेंब टाकून देऊन, मागून येणारा फिकट पिवळा, स्वच्छ रस बुडबुडा राहू न देता काचेच्या नळीत भरतात. जुन्या उपकरणात भिंगातून दिसणाऱ्या वर्तुळाच्या दोन भागांची छटा एकसारखी होईपर्यंत फिरकी फिरवावी लागे. आता आकडा आपोआप पडद्यावर उमटतो. तो ब्रिक्सशी जुळवून तक्त्यावरून पोल, म्हणजे प्रकाशाच्या वळणावरून ठरणारे साखरेचे शेकडा प्रमाण, काढतात, आणि पोलचे ब्रिक्सशी शेकडा प्रमाण म्हणजे शुद्धता. ब्रिक्स 20 आणि पोल 17 असेल तर शुद्धता 85.

वहीत ‘साखर’ न लिहिता ‘पोल’ लिहिण्याचा रिवाज शास्त्राला धरून आहे, कारण उपकरणाला प्रकाशाचे वळण तेवढे दिसते. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत पडून राहिला की साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि त्यांचे मिश्रण प्रकाशाला उलट, म्हणजे डावीकडे वळवते. म्हणूनच त्याला ‘इन्व्हर्ट’, म्हणजे उलटलेली साखर, म्हणतात. याच शिळ्या उसात जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, आणि तो मात्र साखरेहून कितीतरी जोराने उजवीकडे वळवून पोल फसवी वाढवतो. शिशाच्या विषारीपणामुळे 880 नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर चालणारी उपकरणेही पुढे आली. हे किरण गडद रसातूनही पार होत असल्याने रस शिशाने निवळावा लागत नाही.

या मोजमापाचा संबंध उसाच्या दराशी येतो. 2024–25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाच्या 10.25 टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये रास्त आणि किफायतशीर दर ठरवला, आणि त्यापुढच्या उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये वाढ दिली. उतारा पोत्यांतल्या साखरेवरून निघत असला, तरी गव्हाणीपासून पोत्यापर्यंत साखर कोठे गळाली याचा हिशेब पोलवरच चालतो. ज्या उत्पादकाच्या घामाचा दाम या आकड्यांशी बांधलेला आहे, त्याला या शब्दाचा अर्थ ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे. आणि नीरेच्या खोऱ्यातल्या शाळांनी प्रकाशाचे ध्रुवण शिकवताना दूरचे उदाहरण न शोधता, विद्यार्थ्यांना जवळच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेऊन ती रसाची नळी दाखवावी.