रिप्ली ‘पुरुष’ कशावरून?

विज्ञान-भयपटात शेवटी एकटी बाई जिवंत उरली की एक निवाडा तयारच असतो: ती वाचली, कारण ती बाईसारखी वागलीच नाही. अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७च्या निबंधात आणि पुढे १९९२च्या पुस्तकात ‘फायनल गर्ल’ची कल्पना मांडली, ती मुख्यतः सुरा घेऊन फिरणाऱ्या खुन्यांच्या चित्रपटांसंबंधी. ही मुलगी म्हणजे पुरुष प्रेक्षकानेच घेतलेले सोयीचे सोंग, हा त्यांचा युक्तिवाद त्या प्रांतात बराच पटतो. तोच साचा रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मधल्या (१९७९) रिप्लीवर बसवला गेला. तिथे तो बसत नाही.

पूर्वपक्षाचे आवडते प्रमाण म्हणजे पटकथेतली टीप. डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांनी लिहून ठेवले होते की यातले कुठलेही पात्र स्त्री किंवा पुरुष कुणीही करावे. यावरून निष्कर्ष काढतात की भूमिका मुळात पुरुषाची, सिगर्नी वीव्हरने ती नुसती अंगावर चढवली. टिपेत ‘कुणीही’ आहे. त्याचा ‘पुरुष’ असा अर्थ लावणे हा वाचणाऱ्याचा पराक्रम!

रिप्ली नेमकी कुठे वेगळी ठरते? केन या अधिकाऱ्याच्या चेहऱ्याला एक परग्रहावरचा जीव चिकटलेला, कॅप्टन डॅलस आणि सहकारी लॅम्बर्ट त्याला घेऊन अंतराळजहाजाच्या दाराशी आलेले. आत घ्या, असा डॅलसचा हुकूम. वरचे दोघेही अधिकारी, डॅलस आणि केन, बाहेर असल्यामुळे ताबा रिप्लीकडे आहे. ती चोवीस तासांच्या विलगीकरणाचा नियम सांगते आणि दार उघडत नाही. तेवढ्यात तो मरेल, असे सांगूनही नाही. यात कसली मर्दुमकी? हा नियमावर बोट ठेवणाऱ्या दुय्यम अधिकाऱ्याचा हेकटपणा आहे, कुठल्याही कचेरीत सगळ्यांना नकोसा वाटणारा. ‘बायकी’ समजली जाणारी कणव इथे कॅप्टनकडे आहे. दार उघडतो तो जहाजावरचा विज्ञान-अधिकारी अ‍ॅश, आणि तो तर माणूसच नाही, यंत्रमानव आहे. ज्याला मर्दानी म्हणता येईल ते सगळे मरणाऱ्यांच्या वाट्याला आले आहे: उघडत्या अंड्यावर वाकणारा केन, हवेच्या बोगद्यात एकटा शिरणारा डॅलस, श्वापदावर धावून जाणारा इंजिनीअर पार्कर.

मग जहाजावरच्या दुसऱ्या बाईचे, लॅम्बर्टचे काय? ती रडते, थिजते, मरते; म्हणजे बायकी ती मेली आणि मर्दानी ती तरली, असा प्रतिवाद होतो. तो वजनदार आहे. पण शेवटच्या यानात अंतराळपोशाख चढवणारी रिप्लीही थरथरत असते, धीर धरायला गाणे पुटपुटत असते. भीती दोघींनाही आहे. त्या प्रवेशाआधी कॅमेरा तिच्या अंतर्वस्त्रांवर रेंगाळतो, तो मात्र निखालस पुरुषी डोळा. तेवढा मुद्दा पूर्वपक्षाला देऊन टाकू.

जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’बाबत (१९८६) हेच टीकाकार उलट्या टोकाला जातात. आता म्हणे ती आई आहे, पोरीसाठी राणी-एलियनशी लढते. पण ती पोर, न्यूट, रिप्लीला भेटते ती एलियनच्या ग्रहावर पोचल्यावर. रिप्ली तिकडे निघते ती रोजची दुःस्वप्ने असह्य झाल्यावर, आणि त्या जिवांचा नायनाट करू असे वचन कंपनीचा माणूस बर्क याच्याकडून घेऊन. शिवाय ती झुंज ती ज्यात बसून देते ते लोडरयंत्र आठवा. पहिल्या चित्रपटातले जहाज नोस्ट्रोमो उडवल्याबद्दल चौकशी समितीने परवाना काढून घेतल्यावर ती गोदीत माल चढवण्याच्या कामाला लागली होती आणि तिथे हीच यंत्रे चालवत होती. पुढे सैनिकांसमोर ती लोडरमध्ये चढून एक खोके अलगद उचलून दाखवते, तेव्हा सार्जंट हसतो. मातृत्वाने तिला राणीसमोर उभे केले असेलही. पण त्या यंत्राचे हात कसे चालवायचे, हे तिला शिक्षेच्या नोकरीने शिकवले होते.