लाळेचा हिशेब : नासाग्रसनीच्या कर्करोगावरील किरणोपचारांचा इतिहास

कर्करोगाच्या दोन उपचारांची तुलना करायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : रोगी किती वर्षे जगले? नासाग्रसनीच्या कर्करोगावरील किरणोपचारांचा इतिहास वाचताना मला मात्र दुसराच प्रश्न मोलाचा वाटत गेला. जे जगले त्यांना पुढे कोरडा घास गिळता आला का?

नासाग्रसनी म्हणजे नाकाच्या मागची, टाळूच्या वरची पोकळी. तिच्यावर कवटीचा तळ, मागे मेंदूचे खोड आणि मज्जारज्जू, दोन्ही बाजूंना कान व लाळग्रंथी. शस्त्रक्रियेला ही जागा फार अडचणीची. पण तिथली गाठ किरणांना चांगली दाद देते. म्हणून किरणोपचार हाच मुख्य इलाज ठरला. जगात बहुतेक ठिकाणी हा रोग विरळा. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये मात्र तो इतका आढळे की त्याला ‘कँटनचा कर्करोग’ म्हणत. एपस्टाइन-बार विषाणू, आनुवंशिकता आणि लहानपणापासून खाल्ले जाणारे खारवलेले मासे ही त्याची कारणे सांगितली जातात. साहजिकच तंत्रांची खरी कसोटी तिथेच लागली.

हाँगकाँगच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयातील डॉ. जॉन हो यांचे नाव या इतिहासात अग्रभागी येते. खारवलेल्या माशांकडे लक्ष वेधणारे हेच. त्यांनी बसवलेली किरणोपचाराची रीत ‘हो तंत्र’ म्हणून ओळखली गेली. त्या काळी गाठ प्रत्यक्ष दिसत नसे. क्ष-किरणांच्या सपाट चित्रावर हाडांच्या खुणा पाहून क्षेत्र आखायचे, शिशाच्या ठोकळ्यांनी नाजूक भाग झाकायचे आणि चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनी समोरासमोर किरण सोडायचे. अनेक रोगी बरे झाले. पण त्या वाटेवर कानांपुढील दोन्ही लाळग्रंथी येत आणि गाठीच्या जोडीने त्याही जळत. कोरडे तोंड, किडलेले दात आणि पाण्याच्या घोटाशिवाय न उतरणारे अन्न ही बरे होण्याची किंमत ठरली.

1971 मध्ये पहिल्या रोग्याचे सीटी स्कॅन झाले आणि पुढे गाठीचा आकार तिन्ही मितींत दिसू लागला. 1982 मध्ये स्वीडनच्या आंदर्स ब्राम यांनी गणित उलटे मांडले : कुठे किती मात्रा हवी ते आधी ठरवा, किरण कसे सोडायचे ते त्यावरून काढा. संगणक आणि यंत्रातील सरकत्या धातूच्या पट्ट्या यांच्या जोरावर त्यातून आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारे तंत्र, उभे राहिले. 2002 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी 67 रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. चार वर्षांनंतर मूळ जागी रोग आटोक्यात असण्याचे प्रमाण 97 टक्के होते. आकडा दिपवणारा, पण शेजारी तुलनेचा गट नव्हता, आणि त्याच काळात एमआरआय व रसायनोपचारही आले होते. श्रेय नेमके कोणाचे?

उत्तरासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करणाऱ्या चाचण्या लागल्या. हाँगकाँगमधील अशा दोन चाचण्यांनी मुख्य प्रश्न आयुष्याचा न विचारता लाळेचा विचारला, हे मला विशेष वाटते. 2006 मधील चाचणीत वर्षभरानंतर कानापुढील ग्रंथीची लाळ पूर्वीच्या किमान चतुर्थांशावर आलेले रोगी नव्या तंत्रात 83.3 टक्के, तर जुन्यात 9.5 टक्के होते. 2007 मधील 60 रोग्यांच्या चाचणीत डॉक्टरांना तोंडाचा तीव्र कोरडेपणा नव्या तंत्रात 39.3 टक्क्यांत, जुन्यात 82.1 टक्क्यांत आढळला. मात्र त्याच रोग्यांना स्वतःचा त्रास नोंदवायला सांगितला, तेव्हा दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. एका ग्रंथीची लाळ मोजणे वेगळे आणि दिवसभर ते तोंड घेऊन वावरणे वेगळे. तोंड ओले ठेवण्यात जबड्याखालच्या व तोंडातल्या इतर ग्रंथींचाही वाटा असतो.

आयुष्याच्या प्रश्नाचे उत्तर 2012 मध्ये ग्वांगझूहून आले. 616 रोग्यांच्या चाचणीत पाच वर्षे जगणारे नव्या तंत्रात 79.6 टक्के, जुन्यात 67.1 टक्के होते. त्याच वर्षी आपल्याकडे, खारघरच्या टाटा स्मारक केंद्रातील 60 रोग्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोग घशाच्या इतर भागांचे, आणि तुलना त्रिमितीय तंत्राशी. उपचारकाळात लाळग्रंथींना मध्यम वा अधिक इजा त्रिमितीय तंत्रात 89 टक्के, आयएमआरटीत 59 टक्के रोग्यांना झाली.

ग्वांगझूच्या आकड्यांनंतर जुन्या तंत्राची बाजू घेणे कठीण आहे. तरीही 2007 मधील रोग्यांची ती नोंद मला तितकीच महत्त्वाची वाटते. यापुढे कोणतेही नवे यंत्र आले तरी तुलनेच्या तक्त्यात एक रकाना रोग्याने स्वतः भरलेला असावा. नागालँडमध्ये, जिथे हा रोग भारतात सर्वाधिक आढळतो, तिथल्या रोग्यालाही तो रकाना भरण्याची संधी मिळायला हवी.