गुडघेदुखी, नवशिक्या धावपटूंची

धावण्याचा सराव नव्याने सुरू केलेल्या व्यक्तीच्या गुडघ्यात, बहुधा वाटीच्या मागे किंवा तिच्या सभोवती, पडणे-मुरगळणे यांसारखी कोणतीही इजा झालेली नसताना हळूहळू जी वेदना सुरू होते, तिला ही संज्ञा लावली जाते. धावणाऱ्यांच्या दुखापतींत गुडघ्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे उपचारांसाठी आलेल्या २,००२ दुखापतग्रस्त धावपटूंच्या नोंदींचे विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ४२ टक्के दुखापती गुडघ्याच्या होत्या. त्यांतही वाटीमागच्या वेदनेचे रुग्ण सर्वाधिक असून त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. वैद्यकात या वेदनेस ‘पटेलोफिमोरल वेदना’ म्हणतात, तर धावपटूंच्या बोलण्यात ती ‘रनर्स नी’ म्हणून ओळखली जाते. गुडघा दुखू लागला की वाटी घासली, वंगण संपले किंवा सांध्यात गॅप पडली, असे निदान घरीदारी लगेच केले जाते. ही भाषा वार्धक्यातील संधिवातासाठी रूढ झालेली आहे. वीस-तीस वर्षांच्या नवशिक्या धावपटूच्या बाबतीत ती बहुतेक वेळा लागू पडत नाही, कारण त्याच्या दुखण्याचे मूळ झिजेत नसून सांध्याला पेलवेल त्यापेक्षा जास्त भार अचानक टाकण्यात असते.

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी अशी तीन हाडे एकत्र येतात. मांडीच्या पुढच्या बाजूस चार शिरे असलेला मोठा स्नायू (चतुःशीर्ष स्नायू) असतो, त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, वाटीला कवेत घेऊन खाली नडगीच्या हाडाला चिकटते. कंडरेत घडणाऱ्या अशा हाडांमध्ये वाटी हे शरीरातील सर्वांत मोठे हाड आहे. गुडघा वाकताना ती मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते आणि विहिरीवरच्या कप्पीप्रमाणे दोराची दिशा बदलून स्नायूची ताकद वाढवते. या सोयीची किंमत म्हणजे गुडघा भार घेऊन जितका वाकेल तितकी वाटी खाचेवर अधिक जोराने दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब साधारण शरीराच्या वजनाएवढा असतो, जिना चढता-उतरताना तो सुमारे तिप्पट आणि धावताना सुमारे पाचपट होतो. पाच किलोमीटरच्या एका धावेत प्रत्येक पायाच्या वाट्याला असे दाब अडीच-तीन हजार वेळा येतात. एवढा भार सोसता यावा म्हणून वाटीच्या मागच्या पृष्ठावर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिची जाडी शरीरातील इतर सांध्यांच्या कूर्चेपेक्षा जास्त असते.

कूर्चेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही, ही बाब लोकसमजुतीत अगदीच हरवलेली दिसते. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी सांध्याच्या आतील भाग बधिर न करता आपल्या स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालून घेतली आणि सहकाऱ्याने एकेक भाग टोचत असताना कोठे किती वेदना होते ते सांगितले. या विलक्षण प्रयोगाचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला. वाटीची कूर्चा जोराने दाबूनही त्यांना काही जाणवले नाही, मात्र वाटीच्या खालची चरबीची गादी आणि सांध्याला आतून अस्तरासारखी असणारी संधिकला यांना स्पर्श होताच तीव्र वेदना झाल्या. नवशिक्या धावपटूची वेदना याच भागांतून, तसेच कूर्चेखालच्या हाडातून आणि वाटीच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांतून येत असावी, असे आज मानले जाते. क्ष-किरण चित्र किंवा एमआरआय यांत अशा रुग्णाच्या बाबतीत बहुधा लक्षणीय असे काही सापडत नाही. उलट ज्यांचा गुडघा कधीच दुखलेला नाही अशांच्या एमआरआयमध्येही कूर्चेचे किरकोळ बदल वारंवार दिसतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात महागडी तपासणी करून घेणाऱ्याच्या पदरी उपचारापेक्षा धास्तीच जास्त पडते.

प्रत्येक सांध्याची, ठरावीक काळात किती भार कितीदा सोसता येईल, अशी एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आतला व्यायाम सांध्याला बळकट करतो आणि तिच्या बाहेर वारंवार गेल्यास ऊतींचा समतोल बिघडून वेदना सुरू होते, ही मांडणीही डाय यांचीच आहे. नवशिक्याची अडचण अशी की त्याच्या शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. दमश्वास काही आठवड्यांत सुधारतो, परंतु कंडरा, हाडे आणि सांध्यांतील ऊतींना नव्या भाराशी जुळवून घेण्यास महिने लागतात; परिणामी दम लागेनासा झाला म्हणून धावणारा अंतर वाढवत जातो आणि गुडघा मागे पडतो. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण पोलीस भरतीच्या तयारीत आढळते. मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर आणि राज्य राखीव दलाच्या उमेदवारांना ५ किलोमीटर धावावे लागते, त्यामुळे भरतीची जाहिरात निघताच वर्षभर अभ्यासिकेत बसलेली मुले-मुली एकदम पहाटेच्या डांबरी रस्त्यावर उतरतात, रोज वेळ लावून पळतात आणि संध्याकाळी तालमीतल्या पद्धतीने शेकडो पूर्ण बैठका मारतात. पूर्ण बैठकीत वाटीवर येणारा दाब धावण्यातील दाबाहूनही अधिक असू शकतो, त्यामुळे एकाच सांध्याला सकाळ-संध्याकाळ दोनदा ताणले जाते. शहरांतील नोकरदारांमध्ये हीच घाई जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या नोंदणीनंतर दिसते. शरीराचे वजन, नितंबाच्या बाहेरील स्नायूंचा अशक्तपणा, मांडी आतल्या बाजूला वळवून धावण्याची लकब आणि अपुरी झोप ही कारणे भर घालतात, पण मुख्य कारणाची जागा घेत नाहीत.

वेदना बहुधा बोथट आणि पसरट असते. कोठे दुखते असे विचारल्यास रुग्ण एका बोटाने जागा दाखवण्याऐवजी वाटीवर सगळा तळहात ठेवतो. जिना उतरताना, उकिडवे बसताना, वज्रासनात किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर ती वाढते. चित्रपटगृहात किंवा एसटीच्या अरुंद आसनावर दोन तास काढल्यावर उठताना होणारी दुखरी जाणीव हे तिचे ओळखीचे लक्षण आहे. उतारावर धावताना गुडघा वाकलेल्या स्थितीत शरीराला रोखून धरावे लागत असल्याने त्रास विशेष जाणवतो, आणि म्हणून यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरावा लागणाऱ्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धेत नवख्याची परीक्षा चढापेक्षा उतारावर होते. गुडघ्यातून येणारा कटकट आवाज, सोबत वेदना वा सूज नसेल तर, निरुपद्रवी समजावा.

धावणाऱ्याचे गुडघ्याचे प्रत्येक दुखणे या प्रकारचे नसते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, सांध्याच्या किंचित वर, ठरावीक अंतर धावल्यावर नेमकी टोचणारी वेदना होत असेल तर ती कमरेपासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या जाड पट्ट्याची (इलिओटिबियल पट्टा) असते. अमेरिकी मरीन दलातील प्रशिक्षणार्थींमधील या विकाराचे वर्णन जेम्स रेन यांनी १९७५ साली केले, आणि पट्टा हाडावर घासतो ही त्यांची उपपत्ती पुढे मागे पडून पट्ट्याखालची ऊती दाबली जाते, असे मानले जाऊ लागले. वाटीच्या खालच्या टोकाशी बोट ठेवता येईल अशी वेदना उड्या मारणाऱ्यांत अधिक आढळते व ती कंडरेची असते. वाढीच्या वयातील मुलांमध्ये वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो, त्याला १९०३ साली स्वतंत्रपणे वर्णन करणाऱ्या दोन वैद्यांवरून ऑसगुड-श्लॅटर विकार म्हणतात आणि तो वाढ पूर्ण होताच बहुधा शमतो. मात्र गुडघा मुरगळून काही तासांत सुजणे, तो मध्येच अडकणे किंवा दगा देणे, पायावर चार पावलेही टाकता न येणे, रात्री विश्रांतीतही दुखणे, सांधा गरम होऊन ताप येणे, किंवा नडगीच्या हाडावर एकाच बिंदूशी दाबल्यावर तीव्र वेदना होणे ही लक्षणे अस्थिबंध व सांध्यातील कूर्चेच्या गादीची (मेनिस्कस) इजा, जंतुसंसर्ग, अस्थिभंग अशा गंभीर कारणांकडे बोट दाखवू शकतात. त्या वेळी घरगुती उपाय थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते.

उपचाराचा पाया म्हणजे भार कमी करणे. तो शून्यावर आणणे बहुधा गरजेचे नसते. महिनाभर पूर्ण विश्रांती घेतल्यास दुखणे थांबते खरे, पण तेवढ्यात स्नायूंची व ऊतींची सहनशक्तीही घटते आणि पूर्वीच्या अंतराला परतताच वेदना परतते, असा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की केवळ विश्रांतीचा सल्ला अपुराच म्हटला पाहिजे. क्वेबेकमधील संशोधकांनी ६९ धावपटूंचे तीन गट करून आठ आठवडे पाहणी केली. एका गटाला फक्त भाराचे नियोजन शिकवले, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला त्यासोबत धावण्याची ढब बदलण्यास शिकवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गट सारखेच सुधारले होते, म्हणजे सुधारणेचे मोठे श्रेय सर्वांना समान असलेल्या नियोजनाकडे जात होते. त्या नियोजनातील मोजपट्टी साधी आहे : शून्य ते दहा या मापावर धावताना वेदना दोनच्या वर जाऊ नये आणि धाव संपल्यावर तासाभरात ती मूळ पातळीवर यावी. या अटी पाळल्या जात असतील तर धावणे चालू ठेवता येते. मोडत असतील तर आधी वेग आणि उतार, मग अंतर कमी करावे, एकाच लांब धावेऐवजी आठवड्यात अनेक लहान धावा घ्याव्यात आणि मध्ये मध्ये मिनिट-दोन मिनिटे चालावे.

धावण्याच्या पद्धतीतील सर्वांत सोपा व उपयुक्त बदल पावलांच्या संख्येचा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले नेहमीपेक्षा पाच टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्याला शोषावी लागणारी ऊर्जा सुमारे वीस टक्क्यांनी घटते. पाऊल लहान झाल्याने ते शरीराच्या फार पुढे पडत नाही, हे त्याचे कारण होय. मिनिटाला १६० पावले टाकणाऱ्याने १६८ टाकावीत, इतकाच हा फरक असतो. सर्वांनी १८० पावलेच टाकावीत असा जो आग्रह धरला जातो, त्याला मात्र फारसा अर्थ नाही. व्यायामांमध्ये गुडघ्याच्या स्नायूंसोबत नितंबाच्या स्नायूंनाही बळ देणाऱ्या प्रकारांना प्राधान्य असते : कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, पायरीवर सावकाश चढणे-उतरणे आणि वेदना परवानगी देईल तेवढ्याच अर्ध्या बैठका. आठवड्यातून तीनदा केल्यास त्यांचा परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. वाटीला चिकटपट्टी लावणे किंवा बुटात तयार गादी घालणे यांनी पहिल्या काही आठवड्यांत आराम मिळू शकतो. बाजारात मिळणारी नी-कॅप ऊब आणि धीर देते, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. बुटांच्या बाबतीत पायाला सोयीचा वाटणारा जोड निवडावा. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेणे ही वाईट सवय आहे, कारण तिने वर सांगितलेली मोजपट्टीच निकामी होते आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवरही ताण पडतो.

अंतर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवू नये, हा नियम जगभर सांगितला जातो, परंतु त्याला असलेला आधार कच्चा आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नवशिक्यांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दहा टक्क्यांच्या नियमाने तेरा आठवडे तयारी करणाऱ्या गटात आणि आठ आठवड्यांची नेहमीची तयारी करणाऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखे, प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आसपास, आढळले. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या २०२५ मधील अभ्यासाने लक्ष दुसरीकडे वेधले : आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखादीच धाव मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेहून बरीच मोठी करणे अधिक धोक्याचे ठरते. रविवारी मित्रमंडळाच्या आग्रहाखातर पाचाऐवजी बारा किलोमीटर धावणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

धावल्याने गुडघे कायमचे झिजतात, या भीतीला उपलब्ध पुरावा दुजोरा देत नाही. अनेक अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळले. या आकड्यांवरून धावणे संधिवात टाळते असे सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळातच चांगले तेच धावत राहतात हीही शक्यता उरते. तथापि हौसेखातर धावण्याने हानी होते, हे म्हणणे त्यांपुढे टिकत नाही.

वेदना आपोआप जाईल म्हणून दुर्लक्ष करणे मात्र महागात पडते. ती जिवाला अपायकारक नसली तरी चिवट असते; उपचार घेतलेल्यांच्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्णांची प्रकृती पाच ते आठ वर्षांनंतरही समाधानकारक नव्हती. दुखणे सुरू होऊन दोन महिन्यांहून अधिक काळ गेल्यावर आलेल्या रुग्णांचे बरे होण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून भार घटवणे आणि व्यायाम सुरू करणे ही दोन्ही कामे पहिल्या काही आठवड्यांतच हाती घ्यावीत आणि सहा आठवड्यांत फरक न पडल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.